आधी निरोगी बाळ डोळे भरून पाहा

मुलांनो, बालविभागाच्या पोस्टिंगला तुम्ही येता तेव्हा माइलस्टोनचा तक्ता तुम्हाला तोंडपाठ असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणं, सहाव्यात हात टेकून बसणं, आठव्यात विनाआधार बसणं, वर्षाच्या आसपास पहिलं पाऊल. परीक्षेत त्यावर गुण मिळतात. पण समोर चटईवर खरं बाळ आलं की तक्ता एवढंच सांगतो, की ते पुढे आहे की मागे. ते कुठे अडलंय, का अडलंय आणि आपण हात कुठे लावायचा, हे त्या बाळाच्या हालचालीतच वाचावं लागतं.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. बाळ काय करतं याच्याइतकंच ते कसं करतं, त्या स्थितीत कसं येतं आणि तिथून कसं बाहेर पडतं, ते पाहा. आणि हे पाहणं आजारी बाळापासून सुरू करू नका. निरोगी बाळं इतकी पाहा, की वेगळी हालचाल दिसताक्षणी नजर आपोआप थबकली पाहिजे. पुढे जे सांगते आहे ते याच गोष्टीचा विस्तार समजा.

१. आधी बाळाचं वय नीट लावा

वय चुकलं की पुढची सगळी तपासणी चुकते. पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं धरायचं. बाळ ३२ आठवड्यांवर जन्मलं असेल तर ते ८ आठवडे लवकर आलं. आज ते सहा महिन्यांचं असेल, तर हालचालींच्या हिशेबाने ते चार महिन्यांचं आहे. त्याच्याकडून बसण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत हे दुरुस्त वय धरूनच मोजा.

घरचे सांगतात, "सातव्या महिन्यात झालं," "आठवा लागला होता." त्यावर भागवू नका. डिस्चार्ज कार्ड मागा, त्यावर आठवडे लिहिलेले असतात. जन्माचं वजन, बाळ रडलं की नाही, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती चढली होती, झटके आले होते का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.

कोणता टप्पा कधी आला हे आयांना महिन्यांत आठवत नाही, सणांत आठवतं. "गणपतीत मान धरत होता का? दिवाळीत बसवलं तर बसायचा का? संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हा बोरं, चुरमुरे उचलत होता का?" असं विचारलं की आईचा चेहरा उजळतो आणि उत्तर नेमकं मिळतं. आता घरोघरी मोबाइलमध्ये व्हिडिओ असतात, त्यांवर तारीख असते. ते मागून पाहा.

२. लसीकरणाचा दिवस हा तुमचा वर्ग

निरोगी बाळं पाहायची कुठे, असं विद्यार्थी विचारतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी जा. वैद्यकीय अधिकारी आणि नर्सताईंची परवानगी घ्या, आईला विचारा आणि बाजूला बसून पाहा. सरकारी वेळापत्रकामुळे तिथे ६, १० आणि १४ आठवड्यांची, नऊ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांची बाळं आपोआप रांगेत येतात. एका सकाळी विकासाचे एवढे टप्पे शेजारी शेजारी पाहायला मिळतील अशी दुसरी जागा नाही.

सहा आठवड्यांचं बाळ पोटावर ठेवलं तर हनुवटी क्षणभर उचलून मान वळवतं. हात धरून उठवलं तर डोकं मागे राहतं, आणि या वयात ते राहणारच. मुठी बऱ्याचदा मिटलेल्या असतात. आईचा चेहरा जवळ आला की ते हसायला लागलेलं असतं. चौदा आठवड्यांचं बाळ कोपरांवर भार घेतं, छाती थोडी उचलतं, मुठी उघडतात, दोन्ही हात छातीवर एकत्र येतात आणि स्वतःचेच हात ते निरखत बसतं. नऊ महिन्यांचं बाळ बसल्या बसल्या बाजूला वळून आईची पर्स ओढतं, बाकाला धरून उभं राहू पाहतं. दीड वर्षाचं मूल खाली बसून काहीतरी उचलतं आणि कशालाही न धरता पुन्हा उठतं.

सुई टोचायच्या आधी पाहा. रडणाऱ्या बाळाचा टोन बदलतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो.

३. सुरुवातीला हात मागे ठेवा

बाळ आलं की लगेच पाय वाकवून टोन पाहायची घाई करू नका. पहिली काही मिनिटं ते आईच्या मांडीवर असू द्या. त्याची भूक आणि झोप झालेली आहे का, ते विचारा. मग दुपटं, मोजे, जाड कपडे काढून, खोलीत गारवा नसेल याची काळजी घेऊन, ते चटईवर पाठीवर ठेवा आणि नुसतं पाहा. दोन्ही हात सारखे हलतात का? दोन्ही पाय सारखे उचलले जातात का? हालचालींत विविधता आहे, की तीच तीच ओढ पुन्हा पुन्हा येते?

निरोगी बाळ एकच गोष्ट अनेक प्रकारे करतं. हे वाक्य लक्षात ठेवा. आजारी मेंदूच्या बाळाकडे मार्ग थोडे असतात, म्हणून ते त्याच एका मार्गाने जातं.

हाइन्झ प्रेख्टल या अभ्यासकाने हेच केलं, बाळांना हात न लावता पाहिलं. दुरुस्त वयाच्या साधारण तीन ते पाच महिन्यांत जागं, शांत बाळ पाठीवर असताना त्याच्या मानेत, धडात, हातापायांत सतत छोट्या, गोलाकार, नाजूक हालचाली चालू असतात. त्यांना फिजेटी हालचाली म्हणतात. त्या अजिबात दिसत नसतील तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता बरीच वाढते. त्यावर निदान सांगायला रीतसर प्रशिक्षण लागतं. पण जागृत बाळाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आईच्या परवानगीने घ्यायला आणि जाणकाराला दाखवायला तुम्ही आजपासून शिकू शकता.

हात लावायची वेळ येईल तेव्हा डोकं मधोमध धरा. मान एका बाजूला वळलेली असेल तर लहान बाळाच्या दोन बाजूंचा टोन वेगळा लागतो, आणि नसलेला फरक तुम्हाला दिसायला लागतो.

४. पोटावर आणि पाठीवर, दोन्हीकडे वाचा

पूर्ण दिवसांचं नवजात बाळ आखडून, मुठी मिटून, गुडघे पोटाशी घेऊन असतं. गर्भाशयातल्या शेवटच्या आठवड्यांच्या अपुऱ्या जागेचा त्यात मोठा वाटा असतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ती जागा पुरेशी मिळालेली असते, म्हणून ते सैल पडतं. पुढचे काही महिने प्रत्येक बाळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उठायला शिकतं, आणि ते दोन दिशांनी शिकतं.

पोटावर ते पाठीचे स्नायू वापरायला शिकतं. आधी हनुवटी, मग डोकं, कोपरांवर छाती, पाचव्या-सहाव्या महिन्यात सरळ हातांवर छाती आणि पोटाचा वरचा भाग. मग एका हातावर भार देऊन दुसऱ्या हाताने खुळखुळा घ्यायला ते शिकतं. हा भार सरकवण्याचा क्षण फार महत्त्वाचा आहे. वळणं, रांगणं, चालणं, सगळं त्यातून निघतं.

पाठीवर ते पोटाचे स्नायू वापरायला शिकतं. गुडघ्यांना हात, मग पायांना हात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पायाचा अंगठा तोंडात. घरचे त्याचं कौतुक करतात, तुम्ही त्यातलं काम ओळखा: पोट घट्ट होतं, मांडीमागचे स्नायू लांबतात, डोळे, हात आणि पाय यांची ओळख पटते. पाठ आणि पोट दोन्ही तयार झाली की त्यांच्या मेळातून धडाची पीळदार हालचाल येते, आणि बाळ खांदा आधी, कंबर मागून असं कुशीवर आणि मग पालथं होतं.

म्हणून पालथं पडण्याचा नुसता महिना लिहू नका, ते कसं पडलं तेही लिहा. दोन महिन्यांचं बाळ मान मागे ताणून, पाठीची कमान करून एकदम उलटत असेल तर घरचे आनंदाने सांगतात, "खूप लवकर पालथा पडला." तुम्ही त्याचा टोन तपासा. तीन महिन्यांचं बाळ ताठ पायांवर, चवड्यांवर उभं राहत असेल आणि गुडघे सहज वाकत नसतील, तर तिथेही तेच. लवकर आलेला टप्पा नेहमी चांगला नसतो.

बाळाला झोपवायचं पाठीवर, आणि जागेपणी खेळवायचं पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात न रांगणाऱ्या बाळांसाठी जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर असावीत असं म्हटलं आहे. एका दमात नव्हे, थोडी थोडी करून. आपल्याकडे आजी किंवा बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर पालथं घेते, तेव्हा यातला काही वेळ रोज आपसूक साधतो. त्या पद्धतीचा मान ठेवा. फक्त हातपाय जोराने ओढणं, पायांना धरून उलटं लटकवणं, कानानाकात तेल घालणं एवढं थांबवायला सांगा.

५. बसवलं तर बसतं की आपण होऊन बसतं?

"बसतो का?" या प्रश्नाला आई "हो" म्हणाली की पुढे जाऊ नका. चार महिन्यांच्या बाळाला उशांच्या मधोमध बसवलं तरी घरचे ते बसणंच समजतात. पाठीचा कणा पाहा. नवजात बाळाचा कणा एकसलग गोल असतो. मान धरल्यावर मानेचा बाक तयार होऊ लागतो आणि बसता-उभं राहता कमरेचा. सहाव्या महिन्यात बाळ पुढे हात टेकून बसतं, कारण कंबर अजून तयार नसते. आठव्याच्या सुमारास पाठ सरळ होते, हात मोकळे होतात आणि मग ते वळून मागचं खेळणं घेऊ लागतं.

तीन गोष्टी तपासा. एक, झोपलेल्या स्थितीतून ते आपलं आपण बसतं का. दोन, बसल्यावरून पुन्हा पोटावर किंवा चार पायांवर जाता येतं का. तीन, तोल गेला तर हात बाहेर येतो का. पुढे हात टेकणं सहाव्या महिन्याच्या आसपास, बाजूला आठव्याच्या आसपास आणि मागे दहाव्याच्या आसपास येतं. मागे हात येईपर्यंत बाळाच्या पाठीमागे कोणीतरी असावं, हे आईला सांगा. या तीन गोष्टी येतात ते बाळ खरं बसतं झालं. न येणाऱ्या गोष्टीतच तुमच्या उपचाराची पहिली पायरी आहे.

६. रांगण्याचा आग्रह धरू नका, रांगणं नीट पाहा

देवघरातला रांगता बाळकृष्ण लक्ष देऊन पाहा. एका हातात लोण्याचा गोळा, दुसरा हात आणि गुडघा जमिनीवर, मान वर. भार तीन ठिकाणी आणि एक हात मोकळा. चार पायांवर आलेल्या बाळाला एक हात उचलून वर पाहता येतं का, हे तुम्ही तपासता तेव्हा नेमकी हीच मुद्रा तपासत असता.

पण प्रत्येक बाळ हातागुडघ्यांवर रांगतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचाली पाहिल्या. भारतातली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. २००६ साली निष्कर्ष आले, त्यांत सुमारे ४.३ टक्के बाळं हातागुडघ्यांवर न रांगताच पुढे गेली. काही बाळं बसून ढुंगणावर सरकतात. ती बहुधा थोडी उशिरा चालतात, आणि बऱ्याचदा घरातलं आणखी कोणीतरी तसंच सरकलेलं असतं.

रांगत नसेल तर आधी घर विचारा. बाळाला जमीन मिळते का? सारा दिवस पलंगावर किंवा कडेवर जात असेल, गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून ठेवत असतील, तर रांगायला वाव कुठे? चटई किंवा सतरंजी घाला, पाय उघडे ठेवा, एवढ्यानेही फरक पडतो. मात्र बाळ रांगताना नेहमी एकच पाय ओढत असेल किंवा एकच मूठ मिटलेली राहत असेल, तर ती सवय समजू नका. अर्धांगाचा टोन आणि खुब्याचा सांधा, दोन्ही तपासा.

७. सरासरीवर नव्हे, कालावधीवर विश्वास ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासातले हे आकडे वहीत लिहून ठेवा. शंभरांतली अठ्ठ्याण्णव निरोगी बाळं या मर्यादेत येतात:

विनाआधार बसणं: ३.८ ते ९.२ महिने.
आधाराने उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने.
हातागुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने.
धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने.
एकट्याने उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने.
एकट्याने चालणं: ८.२ ते १७.६ महिने.

नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही बाळं निरोगी असू शकतात. शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरलेल्या आईला हे आकडे समजावून सांगा. आणि कालावधी ओलांडलेल्या बाळाच्या बाबतीत "चालेल हो, त्याचे बाबाही उशिरा चालले होते" हे ऐकून थांबू नका. घरातला इतिहास नोंदवा आणि तपासणी पूर्ण करा.

छाननीसाठी तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला सतरा बाबींचा तक्ता सोपा आहे. सखोल मोजमापासाठी बडोद्याच्या मानकांवरची डासी चाचणी आहे. पहिल्या दीड वर्षातली हालचाल कशी होते हे बारकाईने टिपायला शिकायचं असेल तर मार्था पायपर आणि जोहाना डाराह यांची १९९४ ची अल्बर्टा मोजपट्टी वाचा. तिच्यातल्या ५८ बाबी पोटावर, पाठीवर, बसून आणि उभ्याने अशा चार स्थितींत वाटलेल्या आहेत, आणि प्रत्येक बाबीत भार कुठे, अंग कसं, हालचाल कशी हे पाहायला लावलेलं आहे. नजर तयार होते ती अशा वाचनाने.

८. रिफ्लेक्स काय अडवतो आहे, ते पाहा

मोरो, एटीएनआर, मूठ पकडणं हे तीन-चार ते सहा महिन्यांत मावळतात, एवढं लिहून तोंडी परीक्षा निघते. बाळासमोर पुढचा प्रश्न विचारा: हा रिफ्लेक्स टिकला तर बाळाचं काय अडेल? एटीएनआर टिकला तर मान वळवल्याबरोबर त्याच बाजूचा हात सरळ होतो. मग पाहिलेली वस्तू तोंडापर्यंत येत नाही, पालथं होता येत नाही. मोरो टिकला तर बसलेलं बाळ दचकून मागे फेकलं जातं. मोरो एकाच बाजूला येत नसेल तर गळ्याजवळचं हाड किंवा हाताकडे जाणाऱ्या नसांची इजा आधी मनात आणा.

जे मावळायचं ते पाहता तसं जे यायचं तेही पाहा. बाळाला कुशीतून पुढे झुकवल्यावर दोन्ही हात पुढे पसरणं आठव्या-नवव्या महिन्यात यायला हवं, आणि ते आयुष्यभर टिकतं. ते दोन्ही हातांत सारखं आलं पाहिजे.

रिफ्लेक्स म्हणजे केवळ मेंदूचं घड्याळ, असंही मानू नका. नवजात बाळाचं पाऊल टाकणं दोनेक महिन्यांत दिसेनासं होतं. १९८४ साली एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी लहान बाळांना पाय बुडतील असं पाण्यात उभं धरलं, तर पावलं वाढली, आणि पायांना थोडं वजन बांधलं तर पावलं घटली. बाळाचे पाय वजनाने भरतात आणि ते उचलण्याची ताकद मागून येते. बाळाचं वजन, जमीन, कपडे, हातात दिलेली वस्तू, या सगळ्यांनी हालचाल घडते. त्यातलं बदलता येईल ते बदलणं हेच आपलं काम आहे.

९. हाताकडे दुर्लक्ष करू नका

आपण पायांत रमतो आणि हात विसरतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ दोन्ही हातांनी वस्तूकडे झेपावतं. सहाव्यात एका हाताने घेतं आणि दुसऱ्या हातात देतं. नवव्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीच्या बाजूने उचलतं, वर्षापर्यंत बोटांच्या टोकांची नेमकी चिमूट येते. सोडणं हे पकडण्यापेक्षा अवघड असतं. म्हणून वाटीत वस्तू टाकायला सांगून पाहा, नुसती उचलायला लावू नका. पंधरा महिन्यांना दोन ठोकळ्यांचा मनोरा, दोन वर्षांना सहा ठोकळ्यांचा, तीनला नऊचा. तीनला गोल काढणं, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास त्रिकोण.

तपासणीला महागडी खेळणी लागत नाहीत. स्टीलची वाटी, चमचा, चुरमुरे पुरतात. चुरमुरा तोंडात जाणार हे धरून चाला, डोळ्यांसमोरून मूल हलवू नका, आणि शेंगदाण्यासारखी घशात अडकणारी वस्तू कधीच देऊ नका.

वर्षाच्या आतलं बाळ एकाच हाताने सगळं करत असेल तर घरचे म्हणतात, "हा डावखुरा होणार." तुम्ही दुसऱ्या हाताची तपासणी करा. इतक्या लवकर एका हाताची निवड ही बऱ्याचदा दुसऱ्या हाताची अडचण असते. आणि हाताचं काम जमत नसेल तर खांदा आणि धड स्थिर आहे का ते पाहा. डगमगत्या धडावर बोटं काम करू शकत नाहीत.

१०. नवी चाल ओळखा

नुकतं चालू लागलेलं मूल पाय फाकवून, हात खांद्याच्या पातळीवर वर धरून, सपाट पाऊल आपटत चालतं. हे सगळं निरोगी आहे. आत्मविश्वास आला की हात खाली येतात, पाय जवळ येतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान टाच आधी टेकू लागते आणि हात पायांच्या उलट झुलतात. न्यूयॉर्कमध्ये कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. चालणं असं शिकलं जातं. पडणाऱ्या मुलाला सतत धरून ठेवणाऱ्या घराला हा आकडा जरूर सांगा.

दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, तीन-चार वर्षांना गुडघे आत येतात, सातपर्यंत सरळ होतात. लहान मुलाचा तळपाय सपाट दिसणं हेही बहुतेक वेळा निरोगीच. बाक एकाच पायात असेल, वाढत असेल, दुखत असेल किंवा मनगटं रुंद दिसत असतील, तर मात्र डॉक्टरांकडे पाठवा, मुडदूस असू शकतो. निरोगी पावलाला घरात बूट नकोत, उघडा पाय हवा.

चाकांच्या गोल वॉकरला स्पष्ट नाही म्हणा. त्यात बाळ चवड्यांनी ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, आणि पायऱ्यांवरून पडून डोक्याला इजा होतात. कॅनडाने २००४ साली त्यांच्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून, स्वतःचा तोल सांभाळत ढकलतं. धरून उभं राहणाऱ्या मुलाला तो द्यायला हरकत नाही. फक्त तो जड असावा, सुसाट पळू नये.

वर्षानंतर शिकणं संपलं असं समजू नका. दोन वर्षांना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत जिना चढणं, अडीचच्या सुमारास दोन्ही पायांनी उडी, तीनला पाय आलटून पालटून चढणं आणि तीनचाकी चालवणं, चारला तसंच उतरणं आणि एका पायावर उड्या. पुढे लंगडीचा खेळ सुरू होतो तेव्हा तोल, ताकद आणि ताल तिन्ही एकत्र तपासले जातात. तीन ते पाच वर्षांचा मुलगा जिना चढताना दमत असेल, पोटऱ्या फुगलेल्या असतील, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा. स्नायूंच्या आजाराची रक्ततपासणी लागेल.

११. आईशी बोलताना

आईने आणलेलं बाळ तपासताना आईही तुमच्यासमोर बसलेली असते. घरात तिला आधीच ऐकवलेलं असतं, "तुझं दूध कमी पडलं," "तू उचलून घेत नाहीस." तुमच्या पहिल्या वाक्याने तो भार थोडा तरी हलका झाला पाहिजे. बाळाला जे येतं ते आधी सांगा, मग जे यायचं आहे ते. 'मंद', 'कमजोर' हे शब्द उच्चारू नका. निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे, विद्यार्थ्याने ते तर्काने तोंडातून काढायचं नाही.

घरासाठी व्यायामांची यादी देऊ नका. एक-दोन गोष्टी द्या आणि त्या रोजच्या कामात बसवा: अंघोळीनंतर पोटावर, कपडे घालताना कुशीवर वळवणं, जेवताना मांडीवर पाठ सरळ ठेवून बसवणं. तुम्ही करून दाखवा, मग आईकडून किंवा आजीकडून करून घ्या. तिच्या हाताला जमलं तरच ते घरी होईल.

१२. शंका आली की थांबू नका

चार महिने उलटूनही मान धरत नसेल. तीन-चार महिन्यांनंतर मुठी सतत मिटलेल्या असतील. दहाव्या महिन्यात बसत नसेल. वर्षाला आधारानेही उभं राहत नसेल. अठराव्या महिन्यापर्यंत चालत नसेल. अंग फार ताठ किंवा फार सैल असेल. दोन बाजू वेगळ्या हलत असतील. यांपैकी काहीही दिसलं तर वरिष्ठांना दाखवा आणि पाठवणीची चिठ्ठी लिहून घ्या. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बसणारं बाळ बसायचं थांबलं, पकडणारा हात पकडेनासा झाला, तर वय काहीही असो, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

त्या घराला पाठवायचं कुठे, हेही तुम्हाला ठाऊक हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि विकासातला विलंब हा त्याचा एक मुख्य विषय आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र त्याच कार्यक्रमाचा भाग आहे. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे, कोणत्या वारी कोण भेटतं, हे विचारून पाठ ठेवा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी ओळख ठेवा. त्या घरापर्यंत पोहोचतात, आणि अडलेलं बाळ बऱ्याचदा आधी त्यांनाच दिसतं.

पहिली दोन वर्षं मेंदू जितका घडत असतो तितका पुढे घडत नाही. त्या काळात सुरू केलेले उपचार उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा जास्त कामी येतात. बाळ निरोगी निघालं तर तपासणीने त्याचं काहीच बिघडत नाही, आणि निघालं नाही तर गेलेले महिने कोणी परत आणून देत नाही. म्हणून शंका आलेलं बाळ "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणून घरी पाठवू नका. त्याच दिवशी वरिष्ठांसमोर ठेवा.